दाराचें कुलूप आणि पायाखालचें भुयार

सोमवार, ता. १३ नोव्हेंबर २०१७ रोजीं सकाळीं नवी मुंबईंतील जुईनगर येथील बँक ऑफ बडोदाच्या शाखेंत नेहमींप्रमाणें कामकाज सुरू व्हावयाचें होतें. आदला दिवस रविवारचा आणि त्याच्या आदला महिन्यांतील दुसऱ्या शनिवारचा, म्हणजे बँकेला लागोपाठ दोन दिवस सुटी पडलेली. लॉकरांची खोली उघडून पाहातात तों आंतील दृश्य निराळेंच होतें. दारावाटे कोणी आलेंच नव्हतें. परंतु खोलीच्या जमिनीला माणूस वर येईल एवढें भगदाड पडलें होतें, आणि सुमारें सव्वादोनशे लॉकरांपैकीं तीस लॉकर फोडून त्यांतील ऐवज नाहींसा झाला होता. सानपाडा पोलीस ठाण्यांत गुन्ह्याची नोंद झाली, आणि दुपारपर्यंत आसपासच्या वसाहतींतील लॉकरधारक कुटुंबें बँकेच्या दारापाशीं येऊन उभीं राहिलीं. आपला लॉकर त्या तिसांतील आहे कीं उरलेल्यांतील आहे, एवढाच एक प्रश्न त्या वेळीं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असावा.

लॉकरांत काय असतें, हें शहरांतील कोणत्याहि गृहिणीला सांगावयास नको. सासूनें दिलेल्या पाटल्या, मुलीच्या लग्नासाठीं थोडेंथोडें करून जमविलेलें सोनें, घराचीं कागदपत्रें. घरांत ठेवलें तर रात्रीं झोंप लागत नाहीं, म्हणून तें बँकेंत नेऊन ठेवावयाचें. तेथील व्यवस्थाहि मोठी पक्की असते. प्रत्येक लॉकराला दोन किल्ल्या लागतात; एक बँकेच्या अधिकाऱ्यापाशीं, दुसरी ग्राहकापाशीं. दोन्ही एकत्र आल्यावांचून कवाड उघडत नाहीं. ग्राहकाला रजिस्टरांत सही करावी लागते, वेळ लिहावी लागते. अधिकारी आपली किल्ली फिरवून मागें फिरतो, कारण आंत काय आहे हें पाहाण्याचा त्याला अधिकार नाहीं. सही, किल्ली आणि ओळख अशा तीन परीक्षांतून उतरल्याखेरीज ग्राहकाला आपलाच दागिना पाहावयास मिळत नाहीं. जुईनगरांत ज्यांनीं तो दागिना नेला, त्यांना यांपैकीं एकहि परीक्षा द्यावी लागली नाहीं.

त्यांनीं केलें तें इतकेंच. बँक ज्या इमारतीच्या तळमजल्यावर होती, त्याच इमारतींत थोड्या अंतरावरील एक गाळा कांहीं महिन्यांपूर्वीं भाड्यानें घेतला आणि तेथें किराणा व किरकोळ मालाचें दुकान थाटलें. शेजाऱ्यांच्या दृष्टीनें तें इतर दुकानांसारखेंच एक दुकान होतें. दुकानांत पोतीं येतात, पोतीं जातात. त्याकडे कोण लक्ष देतो? आंतल्या बाजूस जमीन खणून मधल्या जागेच्या खालून पंचवीस-तीस फुटांचें भुयार लॉकरांच्या खोलीखालीं नेण्यांत आलें. खणण्याचें काम फार दिवस चाललें असलें पाहिजे. फोडण्याचें काम मात्र त्या दोन सुट्यांतच उरकलें. पुढें पोलिसांनीं तपास लावून कांहीं आरोपींना पकडलें व कांहीं ऐवजहि परत मिळविला. परंतु एका शांत वसाहतींतील एका शांत दुकानाखालून इतकें मोठें काम झालें आणि त्याची चाहूल कोणालाहि लागली नाहीं, ही गोष्ट त्या परिसरांत अनेक दिवस चर्चेचा विषय होऊन बसली.

सानपाडा-जुईनगरचा हा परिसर नवा आहे. खाडीकांठचीं आगरी-कोळ्यांचीं गांवें, भातशेती आणि मिठागरें असा हा मूळचा मुलूख. १९७० सालीं सिडको महामंडळ स्थापन होऊन या गांवांच्या जमिनींवर नव्या नगराची आंखणी झाली. १९९२ सालीं रेल्वे खाडी ओलांडून वाशीस आली व पुढल्या वर्षीं सानपाड्यावरून नेरुळकडे गेली. आंखीव सेक्टर, चौकोनी इमारती, वर बिऱ्हाडें आणि खालीं गाळे. एका गाळ्यांत बँक, तर शेजारच्यांत औषधांचें दुकान, त्यापलीकडे वाणी. जुन्या गांवांत वाण्याच्या आजाचें नांवहि लोकांस ठाऊक असे. नव्या नगरांत गाळा आज एकाचा, तर उद्यां दुसऱ्याचा असतो, आणि भाडें वेळेवर आलें म्हणजे मालकाचें समाधान होतें. बँकेनें आपल्या दाराची काळजी घेतली. शेजारच्या गाळ्यांत कोण आला, हें पाहाण्याचें काम मात्र कोणाचेंच नव्हतें.

ही युक्ति जुईनगरच्या चोरांनीं शोधून काढली असें समजण्याचें कारण नाहीं. लंडन शहराच्या बेकर स्ट्रीटवरील लॉइड्स बँकेची शाखा १९७१ सालच्या सप्टेंबरांत अशाच रीतीनें लुटली गेली. चोरांनीं दोन दारें सोडून पलीकडचें चामड्याच्या वस्तूंचें दुकान घेतलें होतें. मधल्या खाद्यगृहाच्या खालून सुमारें चाळीस फूट भुयार खणून ते शनिवार-रविवारच्या सुटींत तिजोरींत शिरले. या प्रकरणांतील एक प्रसंग रेडिओच्या श्रोत्यांना विशेष वाटेल असा आहे. बाहेर पहारा ठेवलेला साथीदार आणि आंतले चोर बिनतारी यंत्रावरून बोलत होते, आणि तें बोलणें जवळपास राहाणाऱ्या एका हौशी रेडिओवाल्याच्या कानीं पडलें. त्यानें तें ध्वनिमुद्रित करून पोलिसांस कळविलें. पोलिसांनीं त्या टापूंतील शेंकडों बँका तपासण्यास आरंभ केला व हिंडत हिंडत ते नेमक्या त्या बँकेंतहि पोंचले. तिजोरीचें भक्कम दार त्यांनीं पाहिलें. कालबद्ध कुलूप जसेंच्या तसें होतें. समाधान पावून ते परतले. त्या वेळीं चोर दाराच्या पलीकडे होते, असें मागाहून उघडकीस आलें.

कॉनन डॉयल यानें १८९१ सालीं लिहिलेल्या शेरलॉक होम्सच्या एका गोष्टींत दुकानाच्या तळघरांतून बँकेकडे जाणाऱ्या भुयाराचीच हकीकत आहे, आणि बेकर स्ट्रीटच्या चोरांना ही कल्पना त्याच गोष्टीवरून सुचली असें म्हणतात. होम्सचें काल्पनिक घरहि त्याच रस्त्यावरचें, हा एक विनोदच! इकडे हरियाणांतील गोहाना येथें २०१४ च्या ऑक्टोबरांत एका ओसाड घरांतून सव्वाशे फुटांचें भुयार खणून पंजाब नॅशनल बँकेचे लॉकर फोडले गेले. देश वेगळे, काळ वेगळा. पण प्रत्येक ठिकाणीं दार शाबूत होतें.

किल्ल्यांचा इतिहास ज्यांनीं लहानपणापासून ऐकला आहे, त्या मराठी माणसांना यांत नवें वाटण्याजोगें फारसें कांहीं नाहीं. १६६५ सालीं मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांनीं पुरंदरास वेढा घातला. गड बळकट, दरवाजे बळकट, आणि आंत मुरारबाजी देशपांडे यांच्यासारखा लढवय्या. मोंगलांनीं गडाच्या दरवाजावरच सर्व बळ खर्चिलें असतें, तर ती मोहीम किती लांबली असती कोण जाणे. परंतु त्यांनीं आधीं शेजारचा वज्रगड हेरला. एप्रिल महिन्यांत वज्रगड पडला, आणि तेथें तोफा चढवून त्यांनीं पुरंदरावर मारा सुरू केला. पुढें मुरारबाजी कामास आले, आणि जून महिन्यांत तह होऊन शिवाजीमहाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. पुरंदरचें दार कोणी न उघडतां पुरंदरचा निकाल लागला होता. तो शेजारच्या टेंकडीनें लावला.

त्या तेवीस किल्ल्यांतच कोंढाणा होता, आणि तो परत घेतांना मराठ्यांनीं हाच धडा उलट गिरविला. १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसरे यांनीं दरवाजाचा विचार सोडून रात्रीं कडा निवडला. घोरपडीची गोष्ट इतिहासकार ग्राह्य धरीत नाहींत, आणि ती नसल्यानें त्या पराक्रमाचें कांहीं उणेंहि होत नाहीं. दोर लावून मावळे अशा बाजूनें वर गेले कीं जेथें पहारा विरळ होता, कारण तेथून माणूस येईल हें किल्लेदार उदेभान याच्या मनांत आलें नव्हतें. १६७३ सालीं कोंडाजी फर्जंद यांनीं अवघ्या साठ माणसांनिशीं पन्हाळा घेतला, तोहि रात्रीं कड्याच्या बाजूनें चढूनच. हिरकणीची आख्यायिका तर सर्वांच्या तोंडीं आहे. सूर्यास्ताबरोबर रायगडाचे दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनीं नियमाप्रमाणें ते उघडण्याचें नाकारलें, आणि घरीं तान्हें मूल असलेली ती गवळण कडा उतरून गेली. या कथेंत शत्रु नाहीं, फितुरी नाहीं, दोरहि नाहीं. एका आईनें बेसावधपणें राज्याच्या राजधानीची एक उणीव दाखवून दिली, आणि कथा सांगते कीं महाराजांनीं तिला शासन न करितां त्या जागीं बुरूज बांधला.

हें सर्व अनुभवानें शिकलेलें शहाणपण १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्य यांनीं आज्ञापत्रांत नमूद केलें. किल्ल्याजवळ दुसरा डोंगर असूं नये. असल्यास तो सुरुंगानें फोडून कमी करावा, आणि तें अशक्य असेल तर तोहि बांधून किल्ल्यांत घ्यावा, अशी त्यांची सूचना आहे. गडाला एकच दरवाजा असणें हाहि त्यांच्या मतें दोष होता. आंतील माणसांना बाहेर पडण्यास चोरदिंड्या हव्यात, पण त्या नेहमींच्या वहिवाटीच्या राहूं नयेत, अशी दक्षता ते सांगतात. अमात्यांचें लक्ष दाराइतकेंच शेजारावर आहे. वज्रगडाची जखम पन्नास वर्षांनींहि भरली नव्हती, असेंच तें वाचतांना वाटतें.

गडाच्या दरवाजावरून आणखी एक वस्तु आजच्या घरांत आली आहे, ती म्हणजे परवलीचा शब्द. अंधारांत येणारा आपला कीं परका हें ओळखण्यासाठीं पहारेकऱ्यानें विचारावयाचा आणि येणारानें सांगावयाचा तो शब्द. आज संगणक तोच शब्द विचारतो, आणि त्याला सर्वजण पासवर्ड म्हणतात. हा पहारेकरी संगणकाच्या दारीं कसा आला, याची हकीकत फार जुनी नाहीं.

आरंभीं त्याची गरजच नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं टिफ्रॅक हा संगणक पूर्ण होऊन कामास लागला. १९६२ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें त्याचें नामकरण झालें. अशा यंत्रावर एका वेळीं एकाचेंच काम चाले. ज्याला खोलींत प्रवेश, त्याला यंत्र मिळे. खोलीचें दार हेंच संगणकाचें दार होतें. त्याच सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेंत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकच संगणक अनेकांनीं एकाच वेळीं वापरण्याची पद्धति सिद्ध केली. तिचें पहिलें दर्शन १९६१ सालीं घडलें. अनेकांचीं कामें एकाच यंत्रांत राहूं लागलीं, तेव्हां याचें त्यानें पाहूं नये म्हणून प्रत्येकाला एकेक परवलीचा शब्द देण्यांत आला.

हा पहारा बसून वर्ष उलटतें न उलटतें तोंच तो चुकविला गेला. ॲलन शेर नांवाच्या एका संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारा ठराविक वेळ अपुरा पडे. १९६२ सालीं त्यानें काय केलें? कोणाचा शब्द ओळखण्याच्या भानगडींत तो पडला नाहीं. संगणकांतील कोणताहि लेख छापून हवा असल्यास छिद्रें पाडलेलें एक कार्ड देऊन तशी मागणी करतां येई. शेरनें शुक्रवारीं रात्रीं परवलीच्या शब्दांच्या यादीचीच मागणी तेथें टाकली आणि शनिवारीं सकाळीं छापील कागद ठेवण्याच्या कपाटांतून ती यादी उचलून आणली. त्यानंतर चार वर्षांनीं त्याच संस्थेंत दोन व्यवस्थापकांच्या गोंधळानें निरोपाच्या जागीं ती यादीच ठेवली गेली, आणि जो जो यंत्राशीं जोडला गेला त्याच्यापुढें सर्वांचे गुप्त शब्द छापून येऊं लागले! पहारेकरी आपल्या जागीं होता. त्यानें विचारण्यासाठीं जवळ बाळगलेली वहीच चव्हाट्यावर आली होती.

यावर शास्त्रज्ञांनीं चांगला उपाय काढला. मूळ शब्द यंत्रांत ठेवूंच नये. गणिताच्या एका प्रक्रियेनें त्याचें असें रूपांतर करून ठेवावें, कीं शब्दावरून रूपांतर काढतां यावें, पण रूपांतरावरून शब्द काढतां येऊं नये. केंब्रिज येथें रॉजर नीडहॅम यांनीं हा मार्ग दाखविला, आणि १९७९ सालीं रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन यांनीं त्यावर लिहिलेला निबंध आजहि अभ्यासिला जातो. लोक शब्द निवडतात तरी कसे, हें पाहाण्यासाठीं त्यांनीं ३,२८९ शब्द गोळा केले, त्यांतील शेंकडा ८६ शब्द सहज ओळखतां येण्याजोगे निघाले. तेव्हांपासून शब्द लांब असावा, त्यांत अंक असावे, चिन्हें असावीं, तो वरचेवर बदलावा असे उपदेश सुरू झाले, आणि ते पाळतां पाळतां दमलेल्या माणसानें शेवटीं तो शब्द चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटविला. मनुष्यस्वभाव पाहातां याचा दोष एकट्या त्या माणसाला देतां येत नाहीं.

पण हे सर्व उपदेश दाराविषयींचे. १९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीनें आपला लहान संगणक बाजारांत आणल्यानंतर यंत्र बंद खोलींतून टेबलावर आलें, टेबलावरून पुढें मांडीवर व खिशांतहि आलें, आणि प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. परवलीचा शब्द विचारणारा कोण? संगणकाच्या चकतीवर लिहून ठेवलेली एक कार्यप्रणाली. यंत्र सुरू झालें कीं ती जागी होते व दारांत उभी राहाते. परंतु यंत्र सुरू होतांनाच त्याला दुसरी एखादी तबकडी किंवा आजकालची बोटाएवढी कांडी दिली, आणि त्या यंत्रानें तिच्यावरून सुरू होणें मान्य केलें, तर कारभार त्या पाहुण्या प्रणालीच्या हातीं जातो. मूळचा पहारेकरी जागा होतच नाहीं. चकतीवरील कागदपत्रें, चित्रें, हिशेब हें सर्व या नव्या धन्याला उघडें असतें. तेंहि नको असेल, तर चार मळसूत्रें काढून चकतीच दुसऱ्या यंत्राला जोडतां येते. यंत्राच्या मुळाशींच एक निराळा गुप्त शब्द बसविण्याची सोय निघाली, तर कित्येक जुन्या यंत्रांत तो शब्द रुपयाएवढ्या एका विद्युतघटाच्या बळावर लक्षांत ठेवलेला असे. घट कांहीं वेळ काढून ठेवला कीं यंत्र तो विसरून जाई. शब्द चार अक्षरांचा असो वा चाळीस अक्षरांचा, विस्मरणापुढें दोघांची किंमत सारखीच. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००० सालीं सुरक्षिततेचे कांहीं अटळ नियम म्हणून प्रसिद्ध केले, त्यांतील एकाचा आशय असाच आहे: दुष्ट हेतूच्या माणसाच्या हातीं यंत्र मोकळेपणीं पडलें, तर तें यंत्र तुमचें उरलें नाहीं असें धरून चालावें.

तेव्हां चकतीवरील मजकूरच सांकेतिक लिपींत ठेवावा, हा पुढचा उपाय. आजच्या बहुतेक संगणकांत व फोनांत ही सोय असते, आणि ती खरोखर उपयोगी आहे. येथें गुप्त शब्दाचें काम पालटतें. तो दारांतील पहारेकऱ्याला सांगावयाचा संकेत न राहातां मजकूर वाचण्याची किल्लीच होतो. चोरानें चकती नेली तरी त्याच्या हातीं निरर्थक अक्षरांचा ढीग लागतो. परंतु यालाहि अट आहे. २००८ सालीं प्रिन्स्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, ज्या स्मृतिपट्टिकांतील मजकूर वीज जातांच पुसला जातो असें सर्वजण समजत, त्यांत तो कांहीं सेकंद टिकतो, आणि पट्टिका गार केल्या तर कांहीं मिनिटेंहि टिकतो. चालू स्थितींतील किंवा नुसता झोंपविलेला संगणक हातीं लागला, तर ती किल्ली तेथून उचलतां येते. पुढल्याच वर्षीं योआन्ना रुत्कोव्स्का या पोलिश विदुषीनें दुसरी वाट दाखविली. हॉटेलच्या खोलींत ठेवलेल्या बंद संगणकाजवळ कोणी दोनदां येऊं शकला, तर पहिल्या खेपेस तो यंत्रांत हस्तक्षेप करून जातो, धनी येऊन आपला शब्द टंकतो, आणि दुसऱ्या खेपेस तो शब्द आयता मिळतो. या प्रकाराला त्या शास्त्रांत ‘दुष्ट मोलकरणी’चें नांव मिळालें आहे. बिचाऱ्या मोलकरणींवर हा अन्यायच. अशीं कामें करणारे बहुधा सुशिक्षित असतात.

याचा अर्थ शब्दाला किंमतच नाहीं असा नव्हे. यंत्रापर्यंत ज्याचा हात पोंचत नाहीं, त्याला थोपवून धरण्यास शब्दासारखें दुसरें स्वस्त साधन नाहीं. दूरवरून होणारे हल्ले कांहीं कमी भयंकर नसतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेंतून २०१८ च्या ऑगस्टांत सुमारें ९४ कोटी रुपये गेले, ते कोणी जमीन खणून नेले नव्हते. म्हणूनच ज्यांचा धंदा माहिती सांभाळण्याचा, ते दोन्ही बाजू राखतात. सानपाड्यापासून थोड्याच अंतरावर, महापे, रबाळे, ऐरोली या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यांत, माहितीचीं मोठमोठीं भांडारें उभीं राहिलीं आहेत. तेथें यंत्रांना गुप्त शब्द आहेतच. शिवाय कुंपण आहे, चौकी आहे, एक दार बंद झाल्यावांचून पुढचें उघडत नाहीं अशा दुहेरी दारांच्या खोल्या आहेत. टिफ्रॅकच्या काळीं संगणक ज्या बंद खोलींत होता, तेथेंच तो फिरून जाऊन बसला आहे.

घरचा संगणक आणि बँकेंतला लॉकर यांत एक मोठा भेद मात्र राहातोच. मजकूर सांकेतिक लिपींत ठेवून तो चोराला निरुपयोगी करतां येतो. सोन्याला सांकेतिक लिपी नाहीं. पाटली कोणाच्याहि हातांत पाटलीच असते, आणि वितळविली म्हणजे ती कोणाची होती हेंहि सांगतां येत नाहीं. उलट, जुईनगरच्या लोकांना निदान सोमवारीं सकाळीं कळलें कीं आपण लुटले गेलों. संगणकाच्या चकतीची नक्कल करून नेणारा मागें भगदाड ठेवीत नाहीं. मजकूर जागच्या जागीं असतो, धनी रोज आपला शब्द टंकतो, आणि चोरी झाल्याचें कदाचित् त्याला कधींच कळत नाहीं.

लॉकर गमावलेल्यांपुढें आणखी एक अडचण होती. आंत काय ठेवलें होतें याची नोंद बँकेपाशीं नसते. जी गुप्तता ग्राहकाला हवीशी वाटे, तीच आतां त्याच्याविरुद्ध उभी राहिली. शिवाय आम्ही केवळ जागा भाड्यानें दिली, आंतल्या ऐवजाची जबाबदारी आमची नव्हे, अशी भूमिका या देशांतील बँका वर्षानुवर्षें घेत आल्या होत्या. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला तो कलकत्त्याच्या एका निराळ्याच लॉकरावरून, आणि १९ फेब्रुवारी २०२१ रोजीं न्यायालयानें बँकांना हात झटकून मोकळें होतां येणार नाहीं असें ठरवून रिझर्व्ह बँकेस सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितलें. त्याप्रमाणें १८ ऑगस्ट २०२१ रोजीं निघालेले नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. लॉकरांच्या खोलीला येण्याजाण्याचा मार्ग एकच असावा, त्या मार्गावर कॅमेरे असावे व त्यांचें चित्रण निदान १८० दिवस जपून ठेवावें, असें त्यांत आहे. त्याबरोबरच लॉकरापर्यंत कोणत्याहि बाजूनें पोंचतां येण्याचा धोका कितपत आहे, हें पाहून त्याची नोंद बँकेनें ठेवावी, असेंहि एक वाक्य त्यांत घातलेलें आहे. चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणें किंवा नोकरांची लबाडी यांमुळें नुकसान झाल्यास बँकेनें वार्षिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यावी, अशी मर्यादाहि ठरली. भाडें वर्षाला तीन हजार रुपये असेल, तर ही रक्कम तीन लाख होते. जुईनगरच्या तीस लॉकरांच्या दृष्टीनें हा नियम चार वर्षांहून अधिक उशिरा आला.